ट्रिन्ट्येच्या कुळात घातलेला खडा

माणूस पणजोबाचं नाव सांगताना कुठं बघतो, हे मी आधी बघतो. आभाळाकडं बघितलं तर आठवतोय. माझ्या तोंडाकडं बघितलं तर खपतंय का ते बघतोय. जन्मभर हाच धंदा केला, त्यामुळं सवय सुटत नाही. आता हॉलंडात, आइंडहोव्हनला लेकाकडं राहतो, पण लिफ्टमध्ये कुणी गोड हसलं की माझ्या मनात पहिलं येतं, ह्याला काय पाहिजे असेल?

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी निरोप दिला, अण्णा, तुमच्या कामाबद्दल चार पानं द्या. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. सांगतोय मी, टाइप करतेय सून, स्नेहल. शुद्धलेखन तिचं, हट्ट माझा. तिनं मध्येच कुठं काही गोड घातलं असेल, म्हणून सगळं परत वाचून घेतलंय आणि दोन ठिकाणी काढायला लावलंय.

मी हेळवी. पुण्या-मुंबईकडच्या पोरांना हे नाव ठाऊक नसतं. जत, मंगळवेढा, विजापूर त्या अंगाला विचारा. हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा. सुगी झाली की बैलावर बोचकं टाकून ठरलेल्या गावांना जायचं, पहाटे ठरलेल्या घराच्या दारात उभं राहायचं आणि त्या घराची नावं मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत मोठ्यानं म्हणायची. कुठल्या गावाहून आले, देव कुठला, कोणाला किती लेक, कोण बिनवारस गेला. घरची माणसं डोळे चोळत बाहेर येतात, वर्षात जन्मलेल्यांची नावं सांगतात, ती आम्ही पुढं जोडतो. त्याबद्दल धान्य मिळतं, कधी जुनं धोतर मिळतं, कधी शिव्या. माझ्या बापाचं असं होतं, आज्याचं असं होतं. दुसऱ्या हेळव्याच्या घरात आम्ही तोंड घालत नाही, आमच्या घरात त्यानं घालायचं नाही.

लोकांना वाटतं हे पाठांतराचं काम. पाठांतर पोपटसुद्धा करतो. वंशात नाव लागलं की जमिनीत पाय लागतो, म्हणून हेळव्याच्या दारात खोटी माणसं फार येतात. ती ओळखायची कशी, हा खरा धंदा.

त्याला आमच्या घरात खडा घालणं म्हणायचे. भातात खडा असला की घरचा माणूस पहिल्या घासाला थू करतो. पाहुणा गिळतो, कारण त्याला पंगतीतून उठायचं नसतं. तसं आम्ही वंश म्हणताना मध्येच एखादं खोटं नाव घालायचं. खरा वारस मध्येच अडवतो. खोटा मान हलवतो.

एका गावात पाटील वारला आणि दिवस व्हायच्या आत मुंबईहून एक सफारीवाला आला. म्हणाला, मी पाटलाच्या हरवलेल्या भावाचा मुलगा. कागद होते, फोटो होता, रडणं तर असं की आख्ख्या आळीला पाझर फुटला. मी दारात वंश म्हणायला उभा राहिलो. त्या भावापाशी आलो आणि त्याची बायको भलत्याच गावची लेक म्हणून सांगितली. सफारीवाल्यानं डोळे टिपले. म्हणाला, "हो, आई माहेरची फार आठवण काढायची."

तेवढ्यात आतून पाटलाची म्हातारी बहीण ओरडली, "अरं ए हेळव्या! तोंड सांभाळ. त्या गावाला आमच्यातनं कुणी सोयरीक केलीय का कधी? धान्य पाहिजे का नको तुला?"

ती खरी. सफारीवाला दुपारच्या एसटीनं गेला.

दुसरी जात असते हौशींची. साखर कारखान्याचा एक ठेकेदार माझ्या मागं लागला होता, त्याला खापरपणजा सरदार पाहिजे होता. घोडा, तलवार, जमलंच तर एखादी मोहीम. मी म्हटलं, "तुमचा खापरपणजा रेडे राखायचा. पण चांगले राखायचा." त्यानं दुसरीकडनं छापून आणलं. त्याच्या नव्या बंगल्यात लावलंय म्हणे, फ्रेम करून. लावू दे. माझ्या तोंडून निघालेलं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की रूथबाई घरी आली तेव्हा मला काय वाटलं असेल ते कळावं.

रूथ ही अमेरिकन बाई, साधारण माझ्याच वयाची. तिकडं शाळेची बस चालवायची, आता निवृत्त. तिचा भाचा माझ्या लेकाच्या कंपनीत. मी कोण हे त्याच्याकडनं कळल्यावर ती एका रविवारी जेवायलाच आली. भरली वांगी पाणी न पिता खाल्ली, हे पहिलं संशयास्पद. खांद्याला एक निळी पिशवी होती, ती जेवतानाही मांडीवरच.

तिनं काय ते सरळ सांगितलं. पिशवीत तिच्या आईची राख होती. आईचं नाव डॉरथी. तिच्या घराण्यात सगळ्यात जुनी बाई म्हणजे ट्रिन्ट्ये हेन्ड्रिक्स. अमेरिकेतला त्यांच्याकडचा मुलूख डच लोकांच्या ताब्यात होता तेव्हा ही पोरगी इथून जहाजात बसून तिकडं गेली, दोन नवरे पुरले, नदीवर होडी चालवायचा मक्ता घेतला, पोरं वाढवली. डॉरथीला जन्मभर ट्रिन्ट्येचं वेड. मरायच्या आधी म्हणाली, मला तिच्या गावात ठेव, तिच्या माणसांत. आर्नहेमच्या पलीकडं नदीकाठी एक खेडं आहे, तिथं हेन्ड्रिक नावाचा म्हातारा शेतकरी आहे, त्याचं घराणं ट्रिन्ट्येचं असावं. गावच्या कबरस्तानात त्याच्या घरची कबर आहे आणि तिचा हक्क त्याच्या नावावर. तो हो म्हणाला तरच राख तिथं ठेवता येणार. त्यानं कळवलं होतं, या, पण आमच्यातल्या आहात हे दाखवा.

मी स्नेहलला विचारलं, "ट्रिन्ट्ये हेन्ड्रिक्स म्हणजे तिचा नवरा हेन्ड्रिक का?"

"नाही मामा, बाप. ह्यांच्याकडं तेव्हा बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावायची. दोन नवरे झाले तरी."

हे मला नवीन होतं. आमच्यात बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव, त्यामुळं मी त्या हेन्ड्रिकला आधीच जहाजात बसवून अमेरिकेला पोचवला होता. पण त्याहून अवघड पुढंच. ट्रिन्ट्येची लेक, तिची लेक, तिची लेक, असं करत डॉरथी. सगळ्या बायका. दर पायरीला आडनाव बदललेलं. आमच्या वंशात दिलेली लेक पुढं चालत नाही. अमक्या गावाला दिली, इथं तिची गोष्ट संपली. जन्मभर मी अशा किती लेकी दारातच सोडून पुढं गेलो असेन, त्याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा आला. आला आणि आवडला नाही.

ट्रिन्ट्येपर्यंतची वाट पक्की होती. अडचण तिच्या पलीकडं. त्या नावाची पोरगी ह्या शेतकरी हेन्ड्रिकच्या घराण्यात जन्मलेली होती, आणि तशीच एक शेजारच्या गावातही. जहाजात बसली ती कुठली, हे कुणाला सांगता येत नव्हतं. रूथनं एका माणसाला पैसे देऊन चार्ट करून घेतला होता. तो म्हणाला होता, हेन्ड्रिकचीच, शंभर टक्के.

ती गेल्यावर मी म्हटलं, "स्नेहल, एवढ्या पिढ्यांनी कोण राख घेऊन समुद्र ओलांडतं? आमच्याकडं अस्थी नदीत सोडतात, दुसऱ्याच्या कुळात घुसवत नाहीत. हिला काय पाहिजे बघ."

"आईला जागा पाहिजे, मामा."

"जागा म्हणजे जमीनच."

"कबरीएवढी?"

"सुरुवात तेवढ्यावरच होते."

तरी मी ती नावं पाठ केली. हट्टानंच केली. स्नेहल स्वयंपाक करताना म्हणून दाखवायची, मी खिडकीतून सायकली बघत घोकायचो. पुढच्या रविवारी रूथ आली तेव्हा बसायच्या खोलीत उभा राहिलो आणि दारात म्हणतात तसा तिचा वंश म्हटला. म्हणताना ट्रिन्ट्येपाशी खडा घातला. म्हटलं, तिच्या पाठचा भाऊ क्लास, एका पायानं लंगडा, बहिणीला सोडायला धक्क्यापर्यंत आला होता. क्लास बिलास सगळा माझा.

स्नेहलनं जसं होतं तसं इंग्रजीत सांगितलं. तिलाही मी काही बोललो नव्हतो. रूथ माझ्याकडं बघून हळूच हसली, मान हलवली आणि म्हणाली, "हो, हो. क्लास. बिचारा."

मी स्वयंपाकघरात गेलो. "स्नेहल, ही बाई खोटी आहे."

"हळू बोला, बाहेर बसलीय ती."

"मराठी कळतं का तिला?"

"तुमचा आवाज कळतो."

मी तिला खडा सांगितला. तिनं लाटणं खाली ठेवलं. "मामा, घरी आलेल्या बाईला तुम्ही सापळा लावलात?"

"खरी असती तर अडवलं असतं."

"आणि आता काय करणार?"

"हेन्ड्रिकच्या समोर उघडं पाडणार. कबर त्याची आहे. त्याला कळायला पाहिजे."

स्नेहल दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पण गाडी तिनंच चालवली.

हेन्ड्रिकनं दार उघडायच्या आधी पडदा बाजूला करून आम्हाला नीट बघून घेतलं. तिथंच मला माणूस पसंत पडला. उंच, पाठीत वाकलेला, पायात रबरी बूट. आत घेताना म्हणाला, फोटो काढायचे नाहीत. मागं एक अमेरिकन जोडपं आलं होतं, आमचे पूर्वज, आमचे पूर्वज करत फिरलं आणि गेल्यावर बघतो तर गोठ्याच्या छपराचं एक कौल नाही. कॉफी दिली. बाहेर नाशपातीची बाग फुलावर होती, पण त्यानं कुणाला तिकडं बघू दिलं नाही, खुर्च्याच भिंतीकडं तोंड करून ठेवल्या होत्या.

रूथला म्हणाला, "हार्लेमला माझी मुलगी असते. ती म्हणते, एकाला आत घेतलंस तर मागून बस भरून येतील."

रूथ म्हणाली, "बस मीच चालवायची. आता बंद केलीय."

तो हसला नाही. स्नेहल हसली.

मग मी उभा राहिलो. बायकांच्या वंशातून वर वर जात ट्रिन्ट्येपाशी आलो आणि लंगडा क्लास परत घातला. स्नेहलनं ते डचमध्ये सांगितलं, नाइलाजानं. हेन्ड्रिकनं छताकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "क्लास? माहीत नाही. आज्याच्या बापापलीकडचं मला काही माहीत नाही."

खरा माणूस. मी स्नेहलला म्हटलं, "आता हिला विचार. क्लास तुला कुठून माहीत?"

"मामा, नको ना."

"विचार म्हणतोय ना."

तिनं विचारलं. रूथनं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग स्नेहलकडं. ती बोलत गेली, स्नेहल सांगत गेली.

"क्लास नव्हताच. मी दोन्ही गावांची जुनी नावं पाहिलीत. कुठल्याच ट्रिन्ट्येला क्लास नावाचा भाऊ नव्हता."

"मग हो का म्हणालीस?"

"आई शेवटची काही वर्षं माणसं विसरली होती. रोज नवीन नाव घ्यायची. कधी नवा भाऊ, कधी नवी मावशी. आधी मी खोडायची, नाही आई, असं कुणी नव्हतं. मग ती घाबरायची, रडायची. डॉक्टर म्हणाले, खोडू नका, हो म्हणा. तेव्हापासून मी हो म्हणायला लागले. त्या रविवारी ह्यांनी क्लास म्हटलं, तेव्हा..."

रूथ पुढंही काही बोलली. ते स्नेहलनं मला सांगितलं नाही.

"पुढं काय म्हणाली?"

"काही नाही."

"स्नेहल."

"तिला वाटलं, तुमचंही सुरू झालंय."

मग हेन्ड्रिकला डचमध्ये सांगणं भाग होतं, ते स्नेहलनं सांगितलं, आणि तो म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला आला. टेबलावर हात आपटून हसला. मी हसलो नाही. चारशे घरांत उभा राहिलेला माणूस मी, आणि एका बसड्रायव्हर बाईनं मला पोरासारखं गोंजारलं होतं, वर मला वाटत होतं की मीच तिला पकडलंय. आमच्याकडं म्हाताऱ्याला कुणी असं सोडत नाही. एक नाव चुकलं तर चुलीपासून ओरडतात. खडा चालतो तो त्या ओरडण्यावर. जिथं माणसं मायेनं गप्प बसतात, तिथं तो चालत नाही, हे मला बापानं सांगितलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नसणार.

हेन्ड्रिकनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळला. साहेबाला इथं मेनेर म्हणतात. "मेनेर, तुमचा धंदा हाच ना? मग तुम्ही सांगा. ही बाई आमची का?"

रूथनं निळी पिशवी दोन्ही हातांनी धरली. कशाची वाट बघतेय ते तिच्या बोटांवर दिसत होतं.

स्नेहल मराठीत, अगदी हळू: "मामा, हो म्हणा. कुणाचं काय जातंय? दोघं म्हातारे खूश होतील. तुमचं तिनं एवढं ऐकून घेतलं."

ती चुकीचं बोलत नव्हती. एक हो म्हटलं असतं तर डॉरथीचं काम झालं असतं. आणि मी त्या बाईचं देणंही लागत होतो, संशयाचं. पण ज्या तोंडानं वंश म्हणायचा त्याच तोंडानं ही उधारी फेडायची? ठेकेदाराला सरदार दिला नाही आणि इथं देऊ?

म्हटलं, "सांग त्यांना. डॉरथीपासून ट्रिन्ट्येपर्यंत वाट पक्की. ट्रिन्ट्येपासून ह्या दारापर्यंत वाट नाही. दारं दोन आहेत, ती कुठल्यातून निघाली मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. बाई खोटी नाही, एवढं मात्र मी सांगतो."

स्नेहलनं सांगितलं. हेन्ड्रिक उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

रूथनं पिशवीची चेन ओढली. स्नेहल माझ्याकडं न बघता म्हणाली, "झालं समाधान?"

नव्हतं झालं. पण शब्द मागं घ्यायची माझी रीत नाही. भिंतीकडं बघत बसलो. आइंडहोव्हनपर्यंत ह्या दोघींबरोबर एकाच गाडीतून जायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एसटी हवीशी वाटली.

हेन्ड्रिक परत आला तो हातात फावडं घेऊन. दारातच उभा राहिला, बूट चिखलाचे म्हणून. म्हणाला, "त्या चार्टवाल्याचा मला फोन आला होता. त्याला मी हेच विचारलं. म्हणाला, शंभर टक्के. तेव्हाच मी ठरवलं होतं की नाही म्हणायचं. कुणी विकायला आला की मी नाहीच म्हणतो." मग रूथकडं बघून, "माझ्या वडिलांच्या बाजूला जागा आहे. उद्या कळलं की ती शेजारच्या गावची, तरी काही बिघडत नाही. वडिलांना शेजाऱ्यांशी बोलायला आवडायचं."

स्नेहल इथं एवढी वर्षं राहिलेली, तिनं लगेच विचारलं, "पण खेमेंटेची परवानगी? असं लगेच कसं चालेल?" खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. तिच्या कागदाशिवाय इथं झाडसुद्धा हलत नाही.

हेन्ड्रिक फावड्याकडं बघत म्हणाला, "ती काढून ठेवलीय. मागच्या आठवड्यात."

म्हणजे नाही म्हणायचं ठरवलं होतं आणि परवानगीही काढून ठेवली होती. मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. ह्या माणसानं आम्हा सगळ्यांना खडा घातला होता का, हा संशय मला तेव्हा आला आणि अजून आहे.

कबरस्तान घरापासून जवळच. बागेच्या कडेनं चालत गेलो. हेन्ड्रिकनं खड्डा केला, लहानसाच. रूथनं पिशवीतला राखेचा डबा ठेवला आणि गुडघ्यावरच बसून राहिली. तिनं मला विचारलं, म्हणाल का?

म्हटलं. आमच्या भाषेत, आमच्या चालीत. ह्या वेळी उलटं, ट्रिन्ट्येपासून खाली. हेन्ड्रिकची लेक ट्रिन्ट्ये, तिची लेक, तिची लेक. कुठला हेन्ड्रिक ते म्हटलं नाही. वारा होता, फुलं उडत होती, आणि शेतातला ट्रॅक्टर कुणी बंद केला नाही. डॉरथीपाशी आलो आणि थांबलो.

थांबलो, कारण आमच्यात रीत आहे. नवीन नाव हेळवी आपल्या मनानं जोडत नाही. घरातलं वडील माणूस म्हणतं, "लाव." मग लावायचं. ती रीत तिथं कुणाला ठाऊक असणार? रूथ बघत होती, स्नेहल बघत होती. हेन्ड्रिकनं विचारलं, "हे कशासाठी थांबलेत?"

स्नेहलनं सांगितलं.

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, कबरीवरच्या बापाच्या नावाकडं बघितलं. मग रूथला विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय म्हणालात?"

"डॉरथी."

"डॉरोथेया," तो म्हणाला, त्यांच्या पद्धतीनं, जड आवाजात. आणि टोपी परत घातली.

ते ‘लाव’ होतं की त्यानं नुसतं नाव विचारून घेतलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी लावलं.